रिमोट आणि हायब्रीड : सोलापूरकराने आधी काय विचारावं?

पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की आमच्याकडची मुलं आधी पगार बघतात. काम ‘रिमोट’ आहे की ‘हायब्रीड’, हेही तितक्याच बारकाईने वाचा. घरी दोन्हीला ‘वर्क फ्रॉम होम’च म्हणतात आणि घोळ तिथेच होतो.

25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा निवड करायची सोयच नव्हती. हिंजवडी-खराडीतल्या रूम सोडून मुलं लॅपटॉपसकट सोलापूरला परतली. ते पूर्ण रिमोट. भाडं वाचलं, आजारी आईवडिलांजवळ राहता आलं. त्या दिवसांत ही फार मोठी गोष्ट होती. पण मे महिन्याच्या उन्हात लाईट गेली की पंखा आणि वायफाय दोन्ही बंद. पुढे यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाल्यावर शहराच्या पूर्व भागातली मुलं मीटिंगमध्ये बोलण्यापुरताच माईक चालू करायची. ‘घरीच आहेस ना’ म्हणून साहेबांचा फोन रात्री दहालाही यायचा, आणि त्याच कारणाने घरचे भर कामात बाजाराची पिशवी हातात द्यायचे. नोकरी करणाऱ्या सुनांची ओढाताण सर्वांत जास्त झाली. लॉगिनच्या आधी स्वयंपाक, मीटिंग संपली की पुन्हा ओटा.

हायब्रीड म्हणजे यातलं अर्धं, असं समजू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस, एवढाच त्याचा अर्थ. कोथरूडकराला ती सवलत वाटते. सोलापूर-पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसनेही जायलाच चारेक तास जातात. म्हणजे दोन दिवसांसाठी डिपॉझिट आणि महिन्याचं पूर्ण भाडं. तरीही पहिलीच नोकरी असेल तर मी हायब्रीडच घ्या म्हणेन. शेजारी बसलेल्या सीनिअरला पाच मिनिटांत विचारता येतं, ते चॅटवर तासन् तास अडून राहतं.

रिमोट कायमचं मिळालं, असंही धरून चालू नका. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (एसईझेड, म्हणजे निर्यातीसाठी सरकारने सवलती दिलेल्या भागातल्या) आयटी कंपन्यांना जुलै 2022 च्या नियमाने निम्म्या कर्मचाऱ्यांपुरती, एका वर्षासाठी घरून कामाची मुभा होती. डिसेंबर 2022 मध्ये ती 2023 अखेरपर्यंत सगळ्यांसाठी वाढली. मुभेला मुदत होती.

म्हणून पत्रात कामाचं ठिकाण कोणतं लिहिलंय ते पाहा. हायब्रीड असेल तर ऑफिसचे दिवस महिन्यातून एकदा सलग घेता येतील का, हे एचआरला मेलवरच विचारा. ‘हो’ आलं, तर सोलापुरात राहून ही नोकरी जमू शकते.