तुमच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनची देखभाल तपासायची आहे? अर्ज असा करा

गल्लीतलं चेंबर तुंबलं की आपण तक्रार देतो. गाडी येते, लाइन मोकळी होते आणि काही दिवसांनी तेच पाणी परत उंबऱ्याशी येतं. तक्रारीनं चोकअप निघतो. पण तो त्याच जागी पुन्हा का होतो, हे देखभालीचे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये कागदांच्या प्रती मागता येतात, तशीच कामाची आणि अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते. माझं ठाम मत आहे की पाहणीच मागावी.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. तुम्ही भाडेकरू असा नाहीतर घरमालक, फरक पडत नाही, आणि माहिती कशाला हवी हे सांगायचीही गरज नाही. फक्त तालीम मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज देऊ नका. हक्क नागरिकाला आहे, तेव्हा कुणातरी एकाच्या नावानं द्या.

कागद थोडेच लागतात: नमुना 'अ' मधला अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, त्यानं दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज महापालिकेच्या ड्रेनेज विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा निघाला तर पाच दिवसांत तो तिकडं पाठवणं त्यांचं काम आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच, कारण उत्तराचे ३० दिवस तिथून मोजायचे.

राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. मी पहिल्यांदा जेटिंग (जोराच्या पाण्यानं लाइन साफ करणं), रस्त्याची खुदाई आणि शुद्धीकरण केंद्र असं सगळं एकाच कागदावर लिहिलं होतं. एका कार्यालयानं एका विषयाचं उत्तर दिलं, बाकीच्यांसाठी महिना गेला.

आता मागायचं काय? 'आमच्या भागातल्या ड्रेनेजची माहिती द्या' असं लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. गल्लीचं नाव, कुठून कुठपर्यंतची लाइन आणि कालावधी लिहा. मग मागा: त्या लाइनचा नकाशा, पाइपचा व्यास, सफाईच्या कामाचा कार्यादेश, जेटिंग आणि सक्शन (गाळ ओढून घेणाऱ्या) गाडीचं लॉगबुक, कामाचं देयक म्हणजे बिल, आणि झालेल्या कामाची मापं नोंदवलेलं मोजमाप पुस्तक, म्हणजे सगळे ज्याला एमबी म्हणतात ते. लॉगबुकातली तारीख आणि देयकातली तारीख शेजारी ठेवून वाचली की बरंच काही समजतं.

आणखी एक कागद मी कधीच सोडत नाही. माणसाला चेंबरमध्ये उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अगदीच अटळ प्रसंगी उतरवायचं तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानं कारण लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते, आणि संरक्षक साधनंही द्यावी लागतात. तुमच्या गल्लीत कुणी उतरलं असेल तर ती लेखी परवानगी मागा. आपल्या घरची घाण काढताना कुणाचा जीव जाता कामा नये.

सांडपाणी थेट नाल्यात जात असेल तर विषय वेगळा, अर्जही वेगळा. कोल्हापूर शहरातलं सांडपाणी वाहून आणणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. ते पाणी उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (रोज ७६ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्राकडं न्यायची व्यवस्था आहे. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, आणि देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. म्हणून केंद्राचं संमतीपत्र आणि पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडं मागा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील करता येतं. मुदत टळली असेल तर प्रती फुकट मिळतात, हे अपिलात लिहायला विसरू नका.

पाहणीला जाताना मोजपट्टी न्या. माणूस आत जाऊ शकत नाही अशा लहान लाइनवर दोन चेंबरांमधलं अंतर ३० मीटरपर्यंतच असावं, असं केंद्र सरकारची तांत्रिक नियमावली सांगते. रस्ता करताना एखादं चेंबर डांबराखाली गेलं असेल तर ते नकाशात दिसतं, गल्लीत दिसत नाही. झाकण कर्मचाऱ्यांनाच उघडू द्या, आत वाकू नका, आतला वायू जीवघेणा असतो. बाजूला उभं राहून एवढंच बघा: पाणी वाहतंय की थांबलंय, आणि भिंतीवर ओल्या काळ्या गाळाची रेघ कुठपर्यंत चढली आहे. त्या रेघेचा फोटो तारखेसह काढून ठेवा, अपिलाला तोच जोडायचा आहे.