कॅज्युअल्टीतला ताण आणि ‘बोलून मोकळे होण्या’चा वाद

आपत्कालीन विभागात काम करणाऱ्यांनी ताण कसा पेलायचा, याची आज दोन उत्तरे दिली जातात. पहिले म्हणते, वाईट प्रसंग घडला की लगेच बसून बोला. दुसरे म्हणते, कोणालाही बोलायला भाग पाडू नका, त्याने त्रास वाढतो. दोन्ही बाजू संशोधनाचा हवाला देतात. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला किंवा रेसिडेंटला (शिकाऊ निवासी डॉक्टरला) खरे काय ते कळत नाही. हा घोळ समजून घ्यायचा तर १९८३ ते २००५ या काळाकडे नीट पाहावे लागते, कारण ‘डीब्रीफिंग’ (प्रसंगानंतर बसून त्यावर केलेली चर्चा) हा शब्द तेव्हापासून तीन वेगवेगळ्या गोष्टींना चिकटत गेला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६० च्या दशकापर्यंत कॅज्युअल्टी हे डॉक्टरांसाठी येण्याजाण्याचे ठिकाण होते. ज्युनियर डॉक्टर काही महिन्यांची पाळी करायचे आणि आपापल्या विषयाकडे परतायचे. १९६१ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात काही डॉक्टरांनी आपली प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ हेच काम धरले. १९७९ मध्ये तिथे या विषयाला स्वतंत्र वैद्यकीय शाखेची मान्यता मिळाली. हे काम आयुष्यभराचे झाले, तेव्हा ‘इथे तीस वर्षे टिकायचे कसे’ हा प्रश्न डॉक्टरांना पडला. परिचारिका मात्र आधीपासून तिथेच होत्या आणि त्यांना तो प्रश्न फार पूर्वी पडलेला होता. लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास एका मनोविश्लेषक स्त्रीने केला आणि १९६० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. कामाचे बारीक तुकडे पाडणे, रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराने करणे, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणे या सवयींमागे भीतीपासून बचाव आहे, असे तिने दाखवले. तिचा मुद्दा असा की हा बचाव रुग्णालयाच्या रचनेतच मुरलेला असतो, एकेका परिचारिकेच्या स्वभावात नव्हे. आजही ‘तीन नंबरचा हार्ट’ असे कानावर पडते, तेव्हा त्यात कोरडेपणापेक्षा हा बचावच जास्त असतो.

‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने आतून पार थकून जाणे, हा शब्द १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून लिहिलेल्या लेखामुळे रूढ झाला आणि १९८१ मध्ये तो मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली आली. १९८४ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे अडचणच दूर करायची आणि दुसरा म्हणजे अडचणीमुळे मनात उठलेले वादळ शमवायचे. पुढचे बरेचसे प्रशिक्षण या विभागणीवर उभे राहिले. कॅज्युअल्टीत तिची मर्यादा लगेच दिसते. क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या सामानाच्या गाडीत) श्वासाची नळी सापडत नसेल तर कप्पे नीट लावता येतात. वरच्या वॉर्डात खाटच रिकामी नसेल तर खालच्या माणसाने कुठली अडचण दूर करायची?

आता मुख्य वादाकडे. १९८३ मध्ये अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने भयंकर प्रसंगानंतर घ्यायच्या बैठकीची पद्धत मांडली. प्रसंगानंतर साधारण २४ ते ७२ तासांत, एकत्र काम केलेल्या लोकांनी एकत्र बसायचे. पुढे रूढ झालेले टप्पे सात: ओळख, काय घडले, तेव्हा मनात काय विचार आले, सगळ्यात वाईट काय वाटले, शरीर-मनावर कोणती लक्षणे दिसताहेत, त्याबद्दलची माहिती आणि शेवटी कामावर परतण्याची तयारी. बैठक चालवणाऱ्यांत त्याच क्षेत्रातला एक सहकारीही असायचा. या कल्पनेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात शोधतात. तेव्हा लढाईतून आलेल्या तुकड्यांना एकत्र बसवून घटनाक्रम वदवून घेतला जाई, पण त्यामागचा हेतू इतिहास नोंदवण्याचा होता, उपचाराचा नव्हे.

ही पद्धत लोकांना पटली यात नवल नाही. तोवर या क्षेत्रात ‘ज्याला झेपत नाही त्याने दुसरे काम बघावे’ असाच सूर असे. इथे पहिल्यांदा कोणीतरी लेखी सांगत होते की हात थरथरणे, झोप न येणे, तोच चेहरा पुन्हापुन्हा दिसणे हा दुबळेपणा नाही. पण ती पटली तशी भलतीकडेही पसरली. जी बैठक एकत्र काम करणाऱ्या गटासाठी आखली होती, ती अपघातातून वाचलेल्यांना आणि भाजलेल्या रुग्णांना एकेकट्याने, तासाभराच्या एकाच भेटीत दिली जाऊ लागली. काही ठिकाणी ती सक्तीचीही झाली.

मग चाचण्या झाल्या. १९९७ मध्ये ब्रिटनमधून भाजलेल्या रुग्णांवरील चाचणीचे निकाल आले. तेरा महिन्यांनंतर डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांमध्ये आघातोत्तर ताणविकार (भयंकर प्रसंगानंतर मागे लागणारा मानसिक आजार, पीटीएसडी) आढळला, न मिळालेल्यांमध्ये ९ टक्के. डीब्रीफिंगच्या गटातले रुग्ण मुळातच जास्त भाजलेले होते हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो योग्य आहे. पण २००० मध्ये रस्ता-अपघातातील जखमींचा तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आणि त्यातही सुरुवातीला जास्त हादरलेल्या लोकांना या भेटीने मागे ओढल्याचे दिसले. २००२ च्या एकत्रित आढाव्याने सक्तीचे डीब्रीफिंग थांबवावे असा निष्कर्ष काढला. २००५ मध्ये इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनी तो उचलला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा गोंधळ या सूचनेच्या शब्दांत आहे. आघात झालेल्या व्यक्तीला एकटीला, फक्त त्या घटनेवर बेतलेली, एकाच बैठकीची भेट सरसकट देऊ नये, असा तिचा आशय होता. ‘एकटीला’ आणि ‘एकाच बैठकीची’ ही दोन बंधने त्यात होती. तोंडोतोंडी पसरताना दोन्ही गळाली आणि उरले ते इतकेच: डीब्रीफिंग घातक आहे. २०१८ च्या सुधारित सूचनेत तर शब्दरचनाच व्यापक झाली. ताणविकार टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी मानसिक स्वरूपाचे डीब्रीफिंग देऊ नये, असे ती सांगते.

मूळ पद्धतीचे समर्थक म्हणतात की ज्या गोष्टीची परीक्षा झाली ती त्यांची पद्धतच नव्हती. रुग्ण आणि कर्मचारी वेगळे, एकटा माणूस आणि गट वेगळा. टीकाकारांचे म्हणणे असे की गटातल्या बैठकीने ताणविकार टळतो याचाही भक्कम पुरावा नाही. शिवाय जो त्या खोलीत नव्हता त्यालाही बाकीच्यांच्या तोंडून सगळे तपशील ऐकावे लागतात आणि बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने आपोआप सावरतात. माझ्या मते सक्ती काढून टाकली हे योग्यच झाले. चुकीचे झाले ते पुढचे. ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांमुळे विभागाला काहीच न करण्याची सोय झाली. बैठक बंद करायला पैसे लागत नाहीत. तिच्या जागी ज्या गोष्टी हव्या होत्या त्यांना लागतात: भरवशाचा वरिष्ठ, महिन्याभराने पुन्हा विचारपूस, गरज पडली तर खरा उपचार.

दरम्यान त्याच शब्दाचा तिसरा अर्थ दुसऱ्याच दारातून आत आला. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णावर उपचार झाल्यावर टीमने बसून छातीदाबाचा वेग, शॉकची वेळ, औषधांचा क्रम तपासावा, हे पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आले. हेतू होता पुढच्या रुग्णाची काळजी सुधारण्याचा. नावही डीब्रीफिंगच. यातून प्रसंगानंतर लगेच, पाचेक मिनिटांत उरकायची ‘हॉट डीब्रीफ’ची पद्धत निघाली. स्कॉटलंडमधील एका आपत्कालीन विभागाने तिचे छापील कार्ड केले. केस थोडक्यात सांगायची, काय चांगले झाले, काय सुधारता येईल, कोणी काय करायचे. भावना उकरून काढायच्या नाहीत.

हे प्रत्यक्षात कसे असते ते डोळ्यांसमोर आणून पाहा. चाळीस मिनिटांचा सीपीआर थांबला आहे. मृत्यूची वेळ कोणीतरी मोठ्याने सांगितली आहे. मॉनिटरचा आवाज बंद केला जातो आणि खोलीत अचानक एसीची घरघर ऐकू येऊ लागते. एक सिस्टर मुलाच्या छातीवरचे चिकट इलेक्ट्रोड हलक्या हाताने काढते, जणू अजून दुखेल. दुसरी जमिनीवरच्या रिकाम्या अँप्यूल मोजून नोंद करते आहे. ज्याचे तळहात लाल झाले आहेत तो रेसिडेंट हातमोजे काढायचे विसरून उभा आहे. याच क्षणी वरिष्ठ डॉक्टरने सगळ्यांना जवळ बोलावून ‘तू नळी दुसऱ्या प्रयत्नात टाकलीस, त्याआधी मास्कने श्वास नीट चालू होता, काही चुकले नाही’ एवढे सांगितले, तर तो रेसिडेंट रात्री घरी काय घेऊन जातो यात फरक पडतो. कागदावर ही तांत्रिक चर्चा आहे. तिथे उभ्या असलेल्यांसाठी ती फक्त तेवढीच नसते. तांत्रिक आणि मानसिक डीब्रीफिंग कागदावर वेगळे काढता येते. खोलीत ते इतके स्वच्छ वेगळे होत नाही. २०१८ ची सूचना अक्षरशः वाचणाऱ्याची इथेच अडचण होते.

शब्दच नको म्हणणारी एक वाटही निघाली. २००९ च्या सुमारास व्हर्जिनियातील एका आपत्कालीन परिचारकाने मृत्यूनंतर सगळ्यांनी जागच्या जागी काही क्षण शांत उभे राहण्याची प्रथा सुरू केली. त्यात प्रार्थना नाही, भाषण नाही. गेलेला माणूस कोणाचा तरी होता आणि या टीमने प्रयत्न केले, एवढेच म्हणायचे आणि थांबायचे. ही प्रथा त्या एका विभागापुरती राहिली नाही.

गेल्या दहा वर्षांत वादाचा रोखच बदलला आहे. एकेका भयंकर प्रसंगापेक्षा रोजची कोंडी जास्त पोखरते, हे आता उघड बोलले जाते. खाटेअभावी कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास पडून राहिलेले रुग्ण, चिडलेले नातेवाईक, मारहाणीची भीती, योग्य उपचार माहीत असूनही देता न येणे. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये ९८ टक्के रुग्ण चार तासांत हातावेगळे करण्याचे लक्ष्य आले आणि २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणले गेले. त्याने प्रतीक्षा घटली, पण घड्याळाचा धाक कर्मचाऱ्यांच्या मानेवर बसला. २०१८ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी ‘बर्नआउट’ हा शब्द आपल्याला लागू पडत नाही, ही नैतिक जखम आहे, म्हणजे योग्य ते माहीत असूनही करता न आल्याने होणारी, असे मांडले. पुढच्याच वर्षी आजारांच्या जागतिक वर्गीकरणाने बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित घटित म्हटले. त्याच्या व्याख्येत ‘यशस्वीरीत्या न हाताळला गेलेला दीर्घकालीन ताण’ असे शब्द आहेत. तो कोणी हाताळायचा होता, कर्मचाऱ्याने की संस्थेने, हे व्याख्या सांगत नाही.

मग २०२० आले. न्यूयॉर्कमधील एका आपत्कालीन विभागप्रमुख डॉक्टरने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आत्महत्या केली. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी देणारा कायदा झाला. त्याबरोबरच एक जुनी तक्रार ऐरणीवर आली. डॉक्टरांच्या परवान्याच्या अर्जात ‘तुम्ही कधी मानसोपचार घेतले आहेत का’ असे विचारले जाई. ज्याला मदत हवी तो याच रकान्याच्या भीतीने ती घेत नसे. आता प्रश्न ‘सध्या कामात अडथळा आणणारी काही अडचण आहे का’ इतकाच ठेवावा असा आग्रह आहे आणि काही राज्यांनी अर्ज तसे बदललेही आहेत.

हॉट डीब्रीफचे घोडे मात्र फार साध्या गोष्टीवर अडते. पाच मिनिटे सगळ्यांनी थांबायचे, तर दारात आलेली पुढची ट्रॉली कोणी घ्यायची, हे शिफ्ट सुरू होताना ठरलेले असावे लागते.