वडिलांचं नाव सुरात घेण्याची रीत

वडिलांच्या एकसष्टीला किंवा पंचाहत्तरीला मुलांनीच गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा, ही पद्धत आता कोल्हापुरात चांगली रुळली आहे. कुणी पेटी-तबलेवाले बोलावतात, कुणी कराओकेवर भागवतात. घरात वडिलांशी कामापुरतंच बोलणारा मुलगा त्या दिवशी माइक हातात घेतो आणि त्यांच्या आवडीचं गाणं म्हणतो. जूनमधला फादर्स डे अमेरिकेतला, १९१० साली स्पोकेन शहरात सुरू झालेला. गाण्यातून बापाचं ऋण मानायची आपली रीत त्याहून कितीतरी जुनी आहे.

मुळाशी जायचं तर ज्ञानेश्वरांपर्यंत जावं लागतं. 'सर्व सुखाचें आगर । बाप रखुमादेवीवर' ही ओळ आपण लहानपणापासून म्हणतो. 'बापरखुमादेवीवरु' ही ज्ञानेश्वरांच्या अभंगांची मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी कवीची खूण. रखुमादेवीचा वर म्हणजे विठ्ठल, हा अर्थ उघडच आहे. पण त्यांच्या आईचं नाव रुक्मिणी आणि वडिलांचं विठ्ठलपंत. संन्यास घेतलेला माणूस पुन्हा संसारात आला म्हणून विठ्ठलपंतांना वाळीत टाकलं गेलं आणि प्रायश्चित्त म्हणून दोघांना देह टाकावा लागला, असं परंपरा सांगते. गावानं टाकलेल्या त्या आईबापांची नावं मुलानं देवाच्या नावात गुंफून ठेवली, असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच. सातशे वर्षं ती नावं टाळमृदंगात घुमताहेत.

जात्यावरच्या ओव्यांत आई आणि भाऊ उदंड. बापही येतो, लेकीला सासरी जाताना त्याचं घर आणि त्याचा उंबरा आठवतो.

कोल्हापूरचा खरा अध्याय दरबारी गाण्याचा. गायन समाज देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासूनची, म्हणजे कान तयार होतेच. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी गायक अल्लादिया खाँसाहेब दरबारात रुजू झाले. खाँसाहेबांचे वडील लवकर गेले होते. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना शिकवलं. ऐन उमेदीत अतिगायनानं आवाज बसला, तेव्हा उरलेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हणून नावारूपाला आली. अशा घरात एरवी बापच उस्ताद असतो. त्याचे आभार वेगळे मानायचे नसतात. त्यानं दिलेली चीज, म्हणजे बंदिश, जशी दिली तशी, एक मात्रा इकडेतिकडे न करता पुढच्याला देणं, हीच फेड.

शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापुरातच राहिले आणि वडिलांची गायकी शिकवत राहिले. मधले बंधू मंजी खाँ १९३७ मध्ये, वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. मंजी खाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर मग भुर्जी खाँकडे आले. भुर्जी खाँचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांच्या तोंडून आठवणी ऐकून उर्दूत लिहून घेतल्या. त्या वहीमुळे खाँसाहेब आज आपल्याशी बोलू शकतात. नातवानं याहून मोठं देणं काय द्यावं!

भुर्जी खाँच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्याच. ब्राह्मण घरातल्या मुलीनं गाणं शिकणं लोकांना खपत नव्हतं त्या काळात त्यांच्या वडिलांनी लेकीला गाण्यात घातलं. धोंडूताईंनी उभा जन्म त्या गायकीला वाहिला.

दुसरी वाट सिनेमाची. गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. थोरली लेक लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी या कुटुंबाला आधार दिला. त्यांची प्रफुल्ल पिक्चर्स ही चित्रपटसंस्था कोल्हापुरात होती. वडिलांच्या माघारी लताबाईंची सुरुवातीची काही मिळकत इथल्या सिनेमातली, तोंडाला रंग लावून केलेल्या लहानसहान भूमिकांची. १९४५ मध्ये त्या मुंबईला गेल्या. पुढे कोल्हापूरचे दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांच्या सिनेमांना त्यांनी 'आनंदघन' या नावानं चाली दिल्या, तो धागाही कोल्हापूरचाच. मंगेशकर भावंडांनी २४ एप्रिल कधी विसरू दिला नाही. वर्षानुवर्षं त्या तिथीला वडिलांच्या नावानं गाणं होत आलं.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी एवढं मोठं काही नव्हतं. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांचा षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', काळी दोनचा, पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा, आणि अंधारातही बोट चुकू नये म्हणून त्या पट्टीवर त्यांनी ऑइलपेंटचा पांढरा ठिपका दिला होता. मुद्रेची ओळ आली की भात्यावरचा हात क्षणभर काढून कपाळाला लावायचे, तेवढ्यात सूर किंचित खाली बसायचा. माझा आवाज काळी एकचा, त्यांच्याहून खालचा. त्यांच्या वर्षश्राद्धाला मंडळी जमली, पेटी माझ्यापुढे सरकवली, आणि मी ठिपक्यावर बोट ठेवून 'रूप पाहतां लोचनीं' धरला. अंतऱ्याला आवाज पुरला नाही. टाळकऱ्यांनी ओळ उचलली, मी भाता मारत राहिलो. 'बाप रखुमादेवीवर' आलं तेव्हा माझाही हात आपोआप कपाळाकडे गेला, आणि सूर तिथेच खाली बसला.