वाढलेला जोर जातो कुठे?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गॅरेजात सध्या एक पिकअप बोनेट काढून उभी आहे. ऐंशीच्या दशकातली महिंद्रा. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या वडिलांनी हिच्यातून वर्षानुवर्षं द्राक्षांचे क्रेट वाहिले. गाडी विकायची नाही, पण जुनं प्यूजो डिझेल इंजिन आता चढाला धापा टाकतं. म्हणून स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन बसवायचं ठरलंय. स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यात बनलेली, त्यामुळे इंजिन काही परकं नाही.

जुनं इंजिन २११२ सीसीचं, सुमारे ६२ अश्वशक्तीचं. टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १२० न्यूटन-मीटर. नवं २१७९ सीसीचं, १२० अश्वशक्ती, २९० न्यूटन-मीटर. सिलिंडरांचं आकारमान जवळपास तेवढंच, मग जोर दुपटीहून जास्त कुठून आला?

हवेतून. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. जुनं इंजिन मिळेल तेवढीच हवा ओढतं. नव्यातला टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या रेट्यावर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं. शिवाय जुन्या इंजिनात डिझेल हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि अरुंद वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतं. तेवढ्या प्रवासात बरीच उष्णता भिंती खाऊन टाकतात. नव्यात ते थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, आणि कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब १६०० बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन टेकवायचे आधार, वेल्ड करून इंजिन चेसिसवर बसवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरं काम त्याच्या मागे सुरू होतं.

इंजिन त्याच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट येतंय. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. जुन्या जीप घराण्यात मागच्या एक्सेलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचं गुणोत्तर ५.३८ असायचं: गिअरबॉक्समधून मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे ३२०० फेरे घेतो. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर सरळ, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तोच शाफ्टचा एक, म्हणून इंजिनही ३२००वर ओरडतं. पाचवा गिअर ०.८च्या आसपास असेल, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.८ फेरा, तर नवं इंजिन २६००वर येतं. एमहॉकचा पूर्ण टॉर्क १८०० ते २८०० या पट्ट्यात मिळतो. हिशेब छान जुळतो.

पण बॉक्सची लांबी वेगळी असल्यानं शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळू शकणारे सांधे, असतात; प्रत्येक क्रॉस शाफ्टच्या टोकावरच्या दुबेळक्या काट्यात बसतो. क्रॉस कोनात वळला की एका बाजूनं एकसारखा फेरा दिला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे पडते. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असेल आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील, तर ही चूक दुसरा क्रॉस खोडून टाकतो. वेल्डिंग करताना काटे वाकडे बसले, तर एक विशिष्ट वेग आला की गाडी थरथरते, आणि मालक बिचारा चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो.

गिअर सारखाच धरला, तर मागच्या एक्सेलवर पूर्वीच्या जवळपास अडीचपट पीळ येणार. चाळीस वर्षांचे शाफ्ट त्यासाठी घडवलेले नाहीत. एक्सेल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उष्णतेचंही तसंच. डिझेलमधल्या उर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, बाकीची धुरातून आणि पाण्यातून निघून जाते. दुप्पट शक्ती वापरायची तर रेडिएटरलाही सुमारे दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागेल, तीही नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात.

वायरिंगची गोष्ट आणखी नाजूक. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कुठे आहे, रेलमध्ये दाब किती, पाणी किती तापलंय, पेडल किती दाबलंय हे सतत विचारतो. अनेक सेन्सर पाच व्होल्टवर चालतात. गंजलेल्या चेसिसवर अर्थिंग केलं, तर सांध्यातच अर्धा व्होल्ट हरवतो आणि कॉम्प्युटरला चुकीची बातमी पोहोचते. मग इंजिनात काहीही बिघाड नसताना ते झटके देतं. रंग खरवडून, चकचकीत धातूवर जाड अर्थ वायर आवळणं हे दहा मिनिटांचं काम आठवड्याची शोधाशोध वाचवतं. चावीतली चिप ओळखली नाही तर हेच इंजिन सुरूच होत नाही, म्हणून ज्या स्कॉर्पिओतून इंजिन काढलं तिची चावीसुद्धा जपून ठेवायची.

कागदांचं काम याच्याही आधीचं. आरसीवर इंजिन नंबर असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार मनाजोगते बदल चालत नाहीत. आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय पाना उचलू नये.

राहिला ब्रेक. वेग ताशी ६०वरून ९०वर गेला, तर थांबवायची उर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना बरीच उर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. ड्रम तापून फुगतो, ड्रमला आतून घासणाऱ्या लायनिंगची पकड सुटते, पेडल खाली जातं.

परवा गेलो तेव्हा एमहॉक कोपऱ्यात जुन्या टायरवर ठेवलेलं होतं, ताडपत्रीनं झाकून. मिस्त्री गाडीखाली होते. मी विचारलं, "इंजिन कधी चढवताय?" आतूनच आवाज आला, "आधी पुढं डिस्क ब्रेक बसू द्या, भाऊ."