नाकाला कमी लेखायची सवय कुठून आली

माणसाचं नाक कामचलाऊ, खरं नाक कुत्र्याचं, हे आपण इतकं सहज बोलतो की हे कुणीतरी कधीतरी ठरवलंय असं वाटतच नाही. ॲरिस्टॉटलनेच म्हणून ठेवलं होतं की वासात माणूस बऱ्याच प्राण्यांपेक्षा कच्चा, पण शिक्का मारला तो १८७९ च्या सुमारास पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने, त्याचं म्हणणं असं की माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग वाढला, विचार करायची ताकद आली आणि वासाचा भाग त्यामानाने छोटा राहिला. कुणाला वास देऊन टेस्ट केली नव्हती बरं का, सगळं मेंदूच्या आकारावरून! तेच पुढे शंभर वर्षांहून जास्त पुस्तकांत चालत राहिलं, २०१७ ला जॉन मॅकगॅन या मेंदू-अभ्यासकाने सरळ लिहिलं की ही एकोणिसाव्या शतकातली दंतकथा आहे.

आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या बाबतीत मला जास्त आवडतात, त्यांनी गंध हा पृथ्वी या महाभूताचा खास गुणच मानला.

खरी गंमत १९९१ ला कळली. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वासाच्या रिसेप्टरचे, म्हणजे नाकात वास पकडणाऱ्या प्रथिनांचे, जीन शोधले, २००४ ला नोबेल मिळालं. रंग बघायला डोळ्यात तीन प्रकारच्या शंकू पेशी, आणि वासासाठी माणसाकडे जवळपास ४०० प्रकारचे रिसेप्टर!

आता वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीचं पोतं उघडलं की खकाणा उडतो, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, ते आपण वासाच्या खात्यात टाकतो पण तो वास नाहीच, चेहऱ्याच्या वेदनेची नस वेगळी असते, ती पेटते. तिच्यातला तिखटाचा रिसेप्टर डेव्हिड ज्युलियसच्या टीमने १९९७ ला शोधला, ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही तोच जागा होतो. २०२१ च्या नोबेलमध्ये ज्युलियसचा वाटा आला तो मुख्यतः त्यामुळेच.

आणि ठाणे खाडीचा ओहोटीचा वास, तो हायड्रोजन सल्फाइडचा, चिखलात ऑक्सिजन नसतो तिथले बॅक्टेरिया तो सोडतात. अगदी थोडासा असला तरी नाक पकडतं. पण हाच गॅस गटारात, मॅनहोलमध्ये साचतो आणि प्रमाण खूप वाढलं की वासाची नसच बधिर होते, म्हणजे आत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, तेव्हा गॅस जीवघेणा झालेला असतो. म्हणून मॅनहोलमध्ये नाकाच्या भरवशावर माणूस उतरवायचाच नाही, आधी गॅस मीटर लावायचा.