अठरानंतरचे कायदेशीर पालकत्व: अर्जाआधी काय ठरवावे, अर्ज कसा करावा

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मुलाला बौद्धिक अक्षमता असली तरी. पण म्हणून लगेच घाईने कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १३ नुसार मालमत्ता आणि पैशाचे व्यवहार हा दिव्यांग व्यक्तीचाही हक्क आहे. सोप्या शब्दांत किंवा चित्रांतून समजावणे, दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहणे, याला पालकत्वाचा कुठलाही दाखला लागत नाही. नेमके कोणते काम अडले आहे, ते आधी कागदावर लिहा.

तरीही बँकेसारख्या ठिकाणी कागद लागलाच, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली अर्ज करता येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. फक्त मानसिक आजार असेल तर हा मार्ग नाही; उपचारांच्या निर्णयांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे.

अर्ज 'फॉर्म ए'मध्ये, जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक आणि दिव्यांग व्यक्तींपैकी एक प्रतिनिधी. दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र), वयाचा, पत्त्याचा आणि नात्याचा पुरावा, फोटो हे तयार ठेवा. भावंडांची संमतीही बहुधा मागतात, आणि घरात जमिनीचा वाद असेल तर गाडी इथेच अडते.

राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ प्रमाणे समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात: कायदेशीर पालक खरोखर हवा का, आणि कशासाठी. म्हणून कारणाच्या जागी 'सर्व व्यवहारांसाठी' असे लिहू नका. 'बचत खाते चालवणे' असे नेमके लिहा. सुनावणीला त्या व्यक्तीला सोबत न्या. बोलता येत नसेल तर चित्रफलक न्या, आणि तिच्या वतीने उत्तर देण्याची घाई करू नका.

सगळ्यात जपून राहायचे ते हक्कसोडपत्राच्या वेळी. बहिणीचा हिस्सा भावाच्या नावावर व्हायचा असेल, तर त्या व्यवहारात भावाने तिचा मदतनीस व्हायचे नाही, कारण तिथे हितसंबंधांचा संघर्ष येतो. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ हे स्पष्ट सांगते.

नियुक्तीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. दरवर्षीचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत. पालक पैशाचा गैरवापर करतो किंवा हेळसांड करतो असे दिसले, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. पालकत्वाचा जुना दाखला असला तरी २०१६ च्या कायद्याने ते पालकत्व आता मर्यादितच समजायचे: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार.