काटापावतीवर अडकलेलं मिनिट

गेल्या गळीत हंगामात काकांनी उसाच्या काटापावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "आरं, सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला कशा लागल्यात काट्यावर?" बघितलं तर 09:01, 14:01, 22:01. जानेवारीच्या प्रत्येक पावतीवर तास वेगळा, मिनिट मात्र 01. फेब्रुवारी लागल्यावर तेच 02 झालं होतं.

पावत्या छापणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर चालत होता. त्यातलं 'टू_चार' हे फंक्शन वेळ आपण दिलेल्या साच्यात लिहून देतं. साच्यात मिनिटांसाठी 'एमआय' लिहावं लागतं. कुणीतरी 'एमएम' लिहिलं होतं, आणि एमएम म्हणजे महिना. अक्षरं कॅपिटल असोत की स्मॉल, अर्थ तोच.

डेटाबेस तारीख लिहून ठेवतो, असं आपण धरून चालतो. पण पोस्टग्रेस तारीख-वेळ साठवतो ती एका आकड्यात: 1 जानेवारी 2000 च्या मध्यरात्रीपासून किती मायक्रोसेकंद झाले. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्या आकड्यातून तास-मिनिटं काढायला नुसता भागाकार पुरतो. खरी कसरत महिन्याची. 31, 28, 31, 30... आणि दुसऱ्याच जागी हा फेब्रुवारी, कधी 28 चा, कधी 29 चा.

यावरची युक्ती मला फार आवडते. वर्ष मार्चपासून मोजायचं! प्राचीन रोमन लोकांचंही वर्ष मार्चपासूनच सुरू व्हायचं. म्हणून तर सप्टेंबरात सप्त, ऑक्टोबरात अष्ट आणि डिसेंबरात दश ऐकू येतं. असं केलं की फेब्रुवारी शेवटी जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस कुणाच्या मध्ये येत नाही. उरलेल्या महिन्यांना मग ताल सापडतो: 31, 30, 31, 30, 31, बेरीज 153. पुढचे पाच महिने पुन्हा तेच, पुन्हा 153. म्हणजे सरासरी महिना 153 भागिले 5, 30.6 दिवसांचा.

करून बघू. 1 मार्चला शून्य धरलं तर 117 वा दिवस कोणता? 117 ला 5 ने गुणा, 2 मिळवा: 587. त्याला 153 ने भागा, पूर्णांक 3. मार्च शून्य, म्हणून 3 म्हणजे जून. आता उलटं जायचं: 3 गुणिले 153, अधिक 2, भागिले 5, पूर्णांक 92. जूनच्या आधी 92 दिवस गेले. 117 वजा 92, अधिक 1: 26. आला 26 जून, आपल्या शाहू महाराजांची जयंती! महिन्यांचा तक्ता नाही, की 'तीस दिवस कुणाचे' हे पाठांतर नाही.

आपल्या मोबाइलमध्ये असणाऱ्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या उघड्या कोडमध्येही हेच दिसतं. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर वर्षातून एक वजा होतो आणि महिन्यात 12 मिळवले जातात. म्हणजे जानेवारी हा गेल्या वर्षाचा तेरावा महिना. पुढच्याच ओळींत ते 30.6 भेटतं.

याच गणितातला आणखी एक आकडा: 400 वर्षांत बरोबर 1,46,097 दिवस असतात, आणि त्याला 7 ने निःशेष भाग जातो. त्यामुळे दर 400 वर्षांनी वारांसकट सगळं कॅलेंडर जसंच्या तसं फिरून येतं. "पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, 823 वर्षांतून एकदाच, दहा जणांना पाठवा, धनलाभ होईल" हा निरोप त्यामुळेच धादांत खोटा. 31 दिवसांचा कोणताही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे घडतंच. ऑगस्ट 2025 तसा होता, आणि नऊ महिन्यांनी मे 2026 ही तसाच. यात लक्ष्मीचा काही संबंध नाही.

पावतीचा साचा एका अक्षराने दुरुस्त झाला. काकांना काळजी होती ती जुन्या पावत्यांची, "त्या येळा गेल्या का वाया?" वाया काहीच गेलं नव्हतं. चूक छापण्यात होती. मोजलेला आकडा टेबलात शाबूत होता. जानेवारीची तीच पावती पुन्हा काढली, तर 14:01 च्या जागी 14:37 आलं.